मंगळवारची चारची वेळ

नाशिक,
२२ जून २०२५

प्रिय मोहिनी,

दिवाळीतल्या तुझ्या मेसेजला मी नुसते जोडलेले हात पाठवले आणि नंतर गप्प बसले, त्याची आधी माफी मागते. तू लिहिलं होतंस, "इथे बोलणं शिकवणारं कुणी नाही गं, घरीच जमेल तेवढं करते." फोनवर कितीदा लिहिलं आणि खोडलं. कागदावर खोडलेलंही दिसतं, म्हणून आज कागद घेतला.

बातमी सांगते. आफिया पहिलीत गेली, घराजवळच्या, गल्लीतली सगळी मुलं जातात त्याच शाळेत. तिच्या कानांतली यंत्रं पाहून शेजारी बसलेल्या मुलीने विचारलं, "यात गाणी लागतात का?" आफिया म्हणाली, "नाही. यात तू ऐकू येतेस." आपल्या बोलणं शिकवायच्या केंद्रातल्या मॅडमनी मे महिन्यात तिला शेवटचं तपासलं आणि म्हणाल्या, "आता हिला माझी गरज नाही. वर्षातून एकदा दाखवायला आणा." लेकीच्या आनंदात निसार अंबडच्या कंपनीतून येताना पेढेच घेऊन आला. "सुटलीस बाई एकदाची," म्हणाला. अगदी चांगल्या मनाने म्हणाला. मी पेढा खाल्ला आणि आत जाऊन भांडी घासत राहिले. सुटल्यासारखं का वाटत नाही, ते त्याला सांगता येईना.

तुला सांगता येईल. केंद्राच्या दारातला तो बाक आठव. तू देवळाली कॅम्पहून बसने यायचीस, मी जुन्या नाशकातून रिक्षाने. आत तुझी आरोही आणि माझी आफिया "पा-पा, बा-बा" करायच्या आणि बाहेर आपण माझ्या थर्मासमधला चहा प्यायचो. पहिल्या दिवशी मी रडून रडून सुजलेले डोळे घेऊन भिंतीला टेकून उभी होते. तू तुझी पिशवी उचलून मांडीवर घेतलीस आणि म्हणालीस, "बसा हो. आई उभी राहिली म्हणून पोरं काही लवकर बोलत नाहीत." मॅडमनी घरात एकच भाषा ठेवा म्हणून सांगितलं, तेव्हा आम्ही शाळेची म्हणून मराठी धरली. सासूबाई अजून टोमणा मारतात, "पोती से बात करने को भी अब क्लास लगाना पडेगा मेरेकू." चपाती गोल आहे, चपाती गरम आहे, चपाती फुगली, असं मी आफियाच्या कानावर पडावं म्हणून घरात दिवसभर बोलत असायचे. पण माझ्याशी बोलणारी तू एकटीच होतीस, तीही मंगळवारी. तुमची बदली आसामकडे झाल्यावर तुझ्या जागेवर मी माझी पिशवी ठेवायला लागले. दुसरं कुणी येऊन बसू नये म्हणून. हे बरोबर नव्हतं, कळत होतं.

मागच्या मंगळवारी मी एक विचित्र गोष्ट केली. शाळा सुटल्यावर आफियाला घेतलं, थर्मास भरला आणि रिक्षाने केंद्रावर गेले. क्लास संपलाय हे विसरले होते, असं लिहायला बरं वाटेल, पण ते खरं नाही. फाटकाशी आफिया थांबली. "अम्मी, क्लास संपला ना? मॅडमनी टाटा केलं. मग आपण कशाला आलो?" मोहिनी, एवढं सलग, एवढं स्वच्छ! हेच ऐकण्यासाठी आपण दोघी त्या बाकावर बसत होतो. तेव्हापासून स्वतःला विचारते आहे, मुलगी बोलायला लागली याचा आनंद मला कमी पडतो का? नाही. आनंद आहे, भरपूर आहे. तो सांगायला कुणी नाही. आणि जिला सांगावा, तिच्यापुढे तो घेऊन जायची भीती वाटत होती.

आरोही बोलते का गं? एवढंच विचारायचं मी टाळत आले. त्या दिवशी आम्हाला पाहून मॅडम बाहेर आल्या. का आलात असं त्यांनी विचारलं नाही. बोलता बोलता म्हणाल्या, लांब गेलेल्या मुलांचा क्लास त्या आता व्हिडिओ कॉलवर घेतात, तुला दोन निरोपही पाठवले, पण उत्तर नाही. कदाचित तूही लिहून खोडत असशील. आफियाची मंगळवारची चारची वेळ मोकळी झाली आहे. यादीत आणखी मुलं थांबली आहेत, त्यामुळे जुलैच्या पंधरापलीकडे ती अडवून ठेवणं मला पटणार नाही. मॅडमना खेळणी दाखवायला दोन्ही हात लागतात, म्हणून इकडे फोन धरायला कुणीतरी हवं. तो मी धरीन. यात आरोहीची काळजी किती आणि माझं एकटेपण किती, हे मला वेगळं करता आलेलं नाही. तुला नको असेल तर तसं लिही. ती अजून एक शब्दही बोलत नसली, तरी लिही.

तुझीच,
आबिदा

माझ्या आठवणीसाठी, उद्या: मॅडमना फोन करून चारची वेळ पंधरा जुलैपर्यंत आरोहीच्या नावावर ठेवायला सांगणे.