सोवळ्याच्या भांड्यातला कांदा

शलाका,

काल एकादशीला आईच्या बदामाच्या दुधाला कांद्याचा वास आला, तो माझ्यामुळे. दशमीला डोशाबरोबर चटणी हवी होती, आपलं मिक्सीचं भांडं खरकटं पडलं होतं, म्हणून मी तिच्या सोवळ्याच्या भांड्यात कांदा वाटला आणि नुसतं विसळून फळीवर पालथं घातलं. तू त्यातच बदाम वाटलेस, फडक्यातून गाळलेस. आईने पेला सरकवून "सांगलीवाल्यांना सोवळं काय कळणार" म्हटलं, तेव्हा मी पेपरात तोंड खुपसून बसलो. तू ते भांडं चिंचेने घासत राहिलीस.

आज त्या भांड्यात काही वाटू नकोस, येताना तिच्यासाठी नवं भांडं आणतो.

लग्नानंतर तू शिकवलेल्या मराठी अक्षरांत हे लिहितोय. आईला ती वाचता येत नाहीत ते बरंच, असं मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. म्हणून हेच सगळं तमिळमध्ये लिहून तिच्या चष्म्याखाली ठेवलंय. ओरत्तनाडूची बस गाठायचीय. संध्याकाळी तिला तोंडानेही सांगेन. तेव्हा तू आत जाऊ नकोस. समोर बस.

विघ्नेश