कुलर चावतो म्हणे

८ मे
सासूबाई सकाळी सहज म्हणाल्या, "आज कुलर जरासा चावला वं मले." करंट लागला आणि म्हणे चावला! डास आहे का तो? विचारलं, आधी काहून नाही सांगितलं? तर, "रोजचंच हाय."
रोजचंच!!
ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता, "रबराची चप्पल घालून पाणी भर म्हणा आईले." झाला इलाज.

९ मे
आंघोळ झाली की ओल्या पायांनी आधी कुलर भरायचा, मग देवपूजा. हा आईंचा नेम. घरात चप्पल त्या मरेपर्यंत घालणार नाहीत. (हे वाक्य लिहिलं आणि अंगावर काटा आला.) मी भरते म्हटलं तर, "तू डबे कर. मले येते भरता." निदान बंद करून भरा म्हटलं. "हवा जाते ना मंग."

११ मे
शेवटी मीच टेस्टर लावला कुलरच्या पत्र्याला. पेटला. ह्यांना दाखवला. "टेस्टर तर कशालेही पेटते."
मग आठवलं, मेनजवळचा ट्रिपचा खटका गेल्या महिन्यात कुलर लावला की पडायचा. आता का पडत नाही?
"तो मीच काढून डायरेक्ट केला ना! सारखा पडून राहिला होता. डोक्याले ताप."
वर हसले.
खटका बिचारा बोंबलून सांगत होता की कुलरमध्ये बिघाड आहे. ह्या माणसाने कुलर सोडून त्याचंच तोंड बंद केलं. आणि ऑफिसात ह्यांना सगळे हुशार म्हणतात. इतका संताप की पोळी करपली. कुलरचा प्लग काढून ठेवला.

१२ मे
भट्टी नुसती. पंखा गरम वारा फेकतो. घरात खलनायिका मी. आई ओला पंचा डोक्यावर घेऊन, मला ऐकू येईल असं, "पोराच्या नशिबी कुलरबी नाही." लाइटवाला मिस्त्री फोनवर, "सीझन हाय ताई, पाहतो." काय पाहतो? कधी पाहतो?

१४ मे
सकाळी कुलरच्या आवाजानेच जाग आली. ह्यांनी गुपचूप लावला. मी धावले. आई न्हाणीतून भरलेली बादली घेऊन निघालेल्या, केसांतून पाणी निथळतंय. "आई, थांबा!" इतकी ओरडले की बादली सुटली. आधी मेन पाडला. सगळं घर गप्प.
हे, "डोकं फिरलं का वं तुयं?"
"हो, फिरलं! आई तुमची आहे ना? मग मी का ओरडते रोज?"
प्लग कापलाच शेवटी.

१५ मे
मिस्त्री नाही आला.
जेवताना आईंनी एकदम ह्यांना विचारलं, "खरं सांग गा. मी मेली असती का?"
हे भात कालवत राहिले.
"सांग ना गा."
त्या जेवायच्या थांबल्या होत्या. मीही वाढायची थांबले.