गल्लीत न मावणारी गाडी

अण्णा, तुम्हाला लिहायची ही काय वेळ नव्हे. लॅबमधली सगळी जेवायला गेलीत, मशीन रक्ताच्या नळ्या गरागरा फिरवतंय आणि माझा फोन टेबलावर पालथा पडून थरथरतोय. घरून येतोय. मी उचलत नाही. आज सकाळी मी एक गोष्ट केली, ती कुणाला तरी सांगायचीय आणि जिवंत माणसांपैकी ऐकून घेईल असं कुणी दिसेना, म्हणून तुम्ही. पण त्याआधी गाडीचं सांगावं लागेल आणि गाडीच्या आधी घराचं. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, तुम्ही ते घर नीट बघितलंच नाही. एकदा सोयरीक ठरवायला आलात, ओट्यावर बसून चहा प्यायलात आणि परंड्याला येऊन आईला म्हणालात, "देवीच्या पायथ्याशी घर हाय, सवताचा लॉज हाय, पोरीला कशाची कमी पडायची न्हाय." खरं बोललात. चपात्यांची तर कधीच पडली नाही.

तुळजापुरात आमचा लॉज देवळाकडं जाणाऱ्या उताराच्या गल्लीत आहे. वर खोल्या, खाली जेवणघर, मागं स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघराला एक खिडकी आहे आणि तिच्यातून शेजारच्या लॉजची भिंत दिसते, दुसरं काही नाही. मंगळवार, शुक्रवार, पुनव, नवरात्र. माणसं देवीला येतात आणि मी कणीक तिंबते. लग्नाआधी रक्त तपासायचा कोर्स केला होता तो पेटीत घडी घालून ठेवला होता. लेक शाळेत जायला लागली तेव्हा धाराशिवच्या या लॅबमध्ये जागा निघाली आणि सासूबाई चक्क हो म्हणाल्या. त्यांना साखरेचा आजार. म्हणाल्या, "जाऊ दे तिला. घरात एक रक्त काढणारी आसलेली बरी." अशी माझी सुटका झाली, साखरेच्या कृपेनं! फक्त एक अट होती, लॅबची. उपाशीपोटी आलेली माणसं सकाळी रांगेत बसलेली असतात, त्यांना ताटकळत ठेवायचं नाही. आणि तुळजापुरात सकाळची एसटी गर्दीच्या दिवशी भरूनच येते आणि हात केला तरी थांबत नाही. दोनदा उशीर झाला. लॅबचे साहेब म्हणाले, "मॅडम, तिसऱ्यांदा झाला तर मी दुसरी बघतो." रागावलेसुद्धा नाहीत, त्याचीच धास्ती बसली. ही नोकरी गेली की परत ती खिडकी आणि परत ती भिंत.

ओट्याखाली यांची गाडी उभी होती. तुमचे जावई जहाजावर असतात, वर्षातले बरेच महिने पाण्यात. मागच्या सुट्टीत त्यांनी ती आणली, रेसची म्हणतात तसली. हँडल खाली, बसायचं वर, टाकीवर पालथं पडल्यासारखं बसायचं आणि पुढं सगळा रस्ता मोकळा आहे असं समजून चालवायचं. आमची गल्ली अशी की समोरून प्रसादाची हातगाडी आली तरी एकानं मागं सरावं लागतं. नाकापेक्षा मोती जड. जाताना हे म्हणाले, "आठवड्यातनं एकदा चालू कर फक्त, न्हायतर बॅटरी बसंल." मी चालू करायची, ती गुरगुरायची, मी बंद करायची. मग एका रविवारी गल्ली रिकामी होती, आणि मी ती नुसती चालू करून थांबले नाही. मला कसली भीती? तुम्ही बार्शीच्या बाजारातून जुनी दांड्याची सायकल आणली होती, आठवतंय का? म्हणालात, "पोरींची मिळाली न्हाय. ह्या दांड्यावर पडलीस तर लई लागंल. म्हणून पडू नको." काय ती समजूत! मी दांड्याखालून पाय घालून कैची मारत शिकले आणि नंतर तुमची फटफटीही तुम्ही झोपलेले असताना मैदानाला दोन चकरा मारून आणायची. तुम्हाला ठाऊक होतं, मला नंतर कळलं.

पण मोकळ्या रस्त्यावर कुणीही शहाणं असतं. त्या गाडीवरून पहिल्या मंगळवारी कामाला निघाले आणि गल्लीतच अडकले. पुढं परडी घेतलेल्या बायका, मागं रिक्षा, डावीकडं बांगड्यांचं दुकान, उजवीकडं नारळाचे ढीग. ती गाडी सावकाश चालायला तयारच नाही. क्लच सोडला की झेप घेते, दाबून धरला की डाव्या हाताला मुंग्या येतात, मधे धरावा तर बंद पडते. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. इंजिनाचा पंखा सुरू झाला की गरम वारा सरळ मांडीवर. पाय टेकवावा तर नुसती बोटं पोचतात. कुंकवाच्या दुकानापुढं ती बंद पडली, तोल गेला आणि मी गाडीसकट आडवी झाले, सगळ्या गावादेखत. दुकानदार म्हणाला, "वहिनी, मालकाची गाडी मालकालाच शोभती." चार जणांनी गाडी उचलली आणि तेवढ्यात चारशे जणांनी बघून घेतलं. घोटा सुजला होता तरी वेळेवर पोचले.

त्या दिवशी तुमची इतकी आठवण आली, अण्णा, आणि इतका राग. शाळेत तुम्ही पी.टी.चे सर, घरी अण्णा, आणि मैदानावर मी तुम्हाला सर म्हणायचं हा तुमचा कायदा. सव्वीस जानेवारीला किल्ल्याजवळच्या मैदानावर हळू सायकलची शर्यत व्हायची. जो शेवटी पोचेल तो पहिला, ज्याचा पाय टेकला तो बाद. इतर पोरी पुढच्या चाकाकडं बघत डुगडुगायच्या, तुम्ही मला शिकवलं होतं, "चाकाकडं काय बघतीस, ते काय पळून जातंय का? लांब बघ. मागचा ब्रेक जरासा धरून ठेव आणि पायडलावरचा जोर सोडू नको. ब्रेकबी पायजे आन् जोरबी पायजे." मी उभी आहे, अगदी उभी, सायकल हलतेय न हलतेय. सगळी बाद झालीत, एक आठवीतला पोरगा तेवढा राहिलाय. आणि माझी चप्पल क्षणभर मातीला लागते. कुणी बघितलं नाही, पण तुमची शिट्टी वाजली. सगळ्या मैदानासमोर म्हणालात, "पाय टेकला. बाद." घरी आल्यावर मी रडले तर म्हणालात, "बाप म्हणून बघितलं न्हवतं, सर म्हणून बघितलं." त्या रात्री मी तुमच्याशी बोलले नाही. पण गल्लीत मला त्याच माणसाची विद्या उपयोगी आली. मागचा ब्रेक जरा धरून, क्लच अर्ध्यावर ठेवून, नजर चाकाकडं न ठेवता गल्लीच्या तोंडाकडं ठेवून बघितलं तर गाडी माणसाच्या चालीनं चालायला लागली. लागली म्हणजे काय, निम्म्या वेळा.

उरलेल्या निम्म्यासाठी गॅरेजवाल्या चाचांकडं गेले. ते आधी तयारच होईनात. "बेटी, ही मैदानाची गाडी हाय. हिला गल्लीत घालनं म्हंजे घोड्याला घाण्याला जुपनं. आन् साहेब आल्यावर मला इचारतील, त्याचं काय?" मी म्हणाले, "साहेब पाण्यात आहेत, चाचा, मी गल्लीत आहे." ते हसले आणि कामाला लागले. साखळीचं पुढचं छोटं चक्र एका दातानं कमी केलं. त्यानं गाडी सावकाश चालताना झटके देत नाही, चढावर बंद पडत नाही, पण हायवेवर तिची पळायची हौस कमी होते. पहिल्या वेळी साखळी इतकी आवळली की गाडी कण्हायला लागली, परत नेऊन सैल करून घेतली. क्लचला आखूड दांडी बसवली, माझ्या बोटांना पोचेल अशी. अ‍ॅक्सिलेटरच्या तारेतली ढिलाई काढली. मागचा स्प्रिंग मऊ केला, आणि कुशनवाल्याकडून सीटमधला फोम तासून घेतला. दोन्ही पाय जमिनीला लागले त्या दिवशी मी दुकानापुढंच मोठ्यानं हसले. पुढं तर सासूबाई मागं बसून डोळ्याच्या डॉक्टरकडं जायला लागल्या. एका हातानं माझा खांदा, दुसऱ्या हातानं पदर, आणि वाटेतल्या बायकांना ओरडायच्या, "सरका गं बायांनो, सून येतीय!" अण्णा, त्या काही महिन्यांत मी कुणाची कोण आहे हे विसरून गेले होते. इतकं बरं वाटायचं.

मग हे सुट्टीवर आले. पहिल्याच दिवशी गाडी हायवेला घेऊन गेले आणि अर्ध्या तासात परत. मी तव्यापुढं होते. दारात उभं राहून म्हणाले, "गाडीचं काय केलंस? नुसती वरडती, पळत न्हाय." मी म्हणाले, "गल्लीत चालावी म्हणून केलं. मला रोज कामाला जायचं असतं." "रोज? मी चालू करून ठेव म्हणलो होतो." "केलीच की चालू." सासूबाई मधे पडल्या, "आरं, मला बी नेती ती दवाखान्याला." यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता. पाटावर बसून हळूच म्हणाले, "एवढीच हौस माझी. बाकी काय मागतो मी? पुढच्या सुट्टीत तुला स्कुटी घेऊ. तोवर मी हाय ना, मी सोडत जाईन." पुढची सुट्टी म्हणजे पुढचं वर्ष, आणि हे तर दीड महिन्यात जाणार. मी चपाती उलटली. ती करपली होती. दुसऱ्या दिवशी चाचांकडं जाऊन यांनी सगळं होतं तसं करून आणलं, सीटमध्ये नवा फोम भरून पहिल्याहून बोटभर उंच. चाचांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आज मंगळवार. सकाळी हे पुढं, मी मागं. गल्लीच्या निम्म्यात गाडी अडकली. पुढं कर्नाटकातून आलेली गाडीभर माणसं, "आई राजा उदे उदे" चाललेलं, मागं टेम्पोचा हॉर्न. यांनी क्लच सोडला, बंद. चालू केली, झेप, बंद. पंख्याचा गरम वारा माझ्या पायावर येतोय, यांच्या मानेवरून घाम चाललाय आणि डावा हात ते झटकतायत. मला सगळं ठाऊक आहे, काय चुकतंय ते. मागचा ब्रेक धरा. चाकाकडं बघू नका. तोंडापर्यंत येतंय. पण नवऱ्याला भर गल्लीत बायकोनं गाडी शिकवायची? आणि खरं सांगू का, गाडी तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मला आनंद झाला. पण घड्याळ चाललं होतं, उपाशी माणसं रांगेत बसली असणार, आणि साहेबांचं ते तिसऱ्यांदा. हे म्हणाले, "आज राहू दे. फोन करून सांग, येत न्हाय म्हणून." इतकं सहज म्हणाले, अण्णा. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "उतरा."

"काय?" म्हणाले. "उतरा खाली. गाडी धरा, मी बसते." बांगडीवाला बघत होता म्हणून असेल, पण उतरले. त्यांनी मागून गाडी धरली, मी चढले, बोटं जेमतेम पोचली. म्हणाले, "नाक्यावर थांब, मी येतो चालत, तिथनं पुढं मी चालवतो." एका हातात त्यांनी माझा डबा धरला होता. मी त्या गल्लीतून गाडी काढली, कशी काढली ते मलाच ठाऊक, कुठं भिंतीला कोपर टेकवून, कुठं रिक्षाचा दांडा धरून. नाका आला, रस्ता मोकळा झाला. मी लॅबला वेळेवर पोचले. साहेब म्हणाले, "गुड मॉर्निंग." तेव्हापासून हा फोन वाजतोय.

घरी काय सांगायचं ते मी ठरवलंय. सीट उंच आहे, पाय पोचत नाहीत, थांबले असते तर गाडीसकट पडले असते. सासूबाईंना पटेल. यांनाही पटवून घ्यावं लागेल, सीट त्यांनीच वाढवलीय. पण हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून तुम्हाला तेवढं सांगते. नाक्यावर दुभाजकाचा कट्टा आहे. त्यावर उजवा पाय ठेवून अगदी आरामात उभं राहता आलं असतं. तो मला लांबूनच दिसला होता. आरशात हेही दिसत होते, डबा वर करून पळत येताना. मी तिसरा गियर टाकला.