सोफा कोणत्या बाजूने आला?

९ सप्टेंबर, सकाळ

तीर्थरूप दादा,

'तीर्थरूप' लिहिलं की तू फुगतोस हे ठाऊक आहे. पण परदेशातून याहून स्वस्त भेट पाठवता येत नाही. साष्टांग नमस्कार मनातच समजून घे. सध्या नुसतं वाकलं तरी माझी कंबर तीव्र निषेध नोंदवते.

आम्ही दोघं खुशाल आहोत, अप्पा जरा जास्तच. फोनवर टंकलेलं पत्र म्हणजे बिनतिकिटाचा प्रवास असं त्यांचं मत, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. अक्षर लागलं नाही तर चष्मा बदल. तू हट्टाने बांधून दिलेली हेल्मेटं, चमकणारे पट्टे, प्रथमोपचाराची पेटी आणि शिट्टी, सगळं वापरात आहे. शिट्टी अप्पांच्या गळ्यात असते. तुझ्यासारखा कारखान्याचा सुरक्षा अधिकारी घरात असला की माणूस अंघोळीलाही हेल्मेट घालून जातो, असं त्यांनी सायकलवाल्याला खुणांनी समजावलं. त्याला बहुधा पटलं.

सायकलवाल्याने आधी भाड्याच्या दोन सुट्या सायकली काढल्या होत्या. पण अप्पांची नजर कोपऱ्यातल्या जोडसायकलीवर गेली आणि तिथेच चिकटली. एक लांबलचक दांडा, पुढेमागे दोन सीटं, दोघांची पायडलं एकमेकांना बांधलेली. वळणारं हँडल आणि ब्रेक पुढच्याच्या हातात, मागचं हँडल नुसतं धरायला. मागच्याने पाय मारायचे आणि श्रद्धा ठेवायची. संस्कृतात द्विवचन कशाला ठेवलंय, असं वर्गातली मुलं मला दरवर्षी विचारतात. आता त्यांना या सायकलीचं चित्र दाखवेन.

"पुढे मी," अप्पा म्हणाले.

"अप्पा, पण वयाचा काही..."

"मास्तरीणबाई, जन्मभर बसच्या मागच्या दारात उभा राहून दोरी ओढली. ड्रायव्हर नेईल तिकडे गेलो. एकदा तरी पुढे बसू दे."

निवृत्त कंडक्टरच्या या युक्तिवादापुढे अख्खं न्यायशास्त्र गप्प. मी मागे बसले.

आपला करार मी विसरलेली नाही. अप्पा धडधाकट परतले तर ते त्यांच्या घरात, त्यांच्या सायकलीसह, एकटे राहणार आणि तू ब्र काढणार नाहीस. काही कमीजास्त झालं तर त्या घराला कुलूप आणि अप्पा तुझ्या सातव्या मजल्यावर. आई गेल्यापासून तुझा हा धोशा चालू आहे आणि माझा विरोधही. तेव्हा माझ्या वार्तांकनावर तू विश्वास ठेवणार नाहीस, हे गृहीत धरूनच लिहिते आहे.

रस्ता कालव्याच्या काठाने जातो. दोन्ही बाजूंना उंच झाडं, मधूनच एखादं गाव, गावात बेकरी, बेकरीपाशी अप्पा. इथे वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात, त्यामुळे सगळं जग आरशात बघितल्यासारखं वाटतं. संध्याकाळी मिळेल त्या विश्रामगृहात उतरायचं. खोलीत शिरलं की अप्पा आधी तपासणी करतात. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीला हात लावत जातात, टेबलाचे कोपरे चाचपतात, खुर्ची भिंतीला सरकवतात. जप्ती आणणारा अधिकारीसुद्धा इतक्या आस्थेने खोली बघत नसेल. मी हसते, ते चाचपतात.

हो, कालच्या गावात आम्हाला एक सोफा आडवा आला. दोन हमाल तो रस्ता ओलांडून एका घरात नेत होते, आणि अप्पांनी ब्रेक दाबायच्या आत आम्ही उभयता त्यावर विराजमान झालो. इतकं मऊ पतन माझ्या पाहण्यात नाही. दाढीवाला हमाल इतका हसला की शेवटी तोही आमच्या शेजारी येऊन बसला. मग त्यांनी आम्हाला कॉफी पाजली. अप्पांचा गुडघा किंचित खरचटलाय. करारातल्या 'कमीजास्त'मध्ये खरचटणं मोडत नाही, असं माझं भाष्य आहे.

तेव्हापासून पुढे मी बसते. हवापालट म्हणून.

वहिनीला नमस्कार, आणि तुला उगीच काळजी न करण्याची विनंती.

तुझी,
धाकटी


१३ सप्टेंबर, दुपार

दादा,

डावीकडून.

माझं एवढं लांब पत्र वाचून तू एका ओळीचा निरोप पाठवलास: 'सोफा कोणत्या बाजूने आला?' ना गुडघ्याची विचारपूस, ना कॉफीची. कारखान्यात काही घडलं की तू असंच विचारत असशील, आणि समोरच्याला घाम फुटत असेल. मला फुटला. कारण मी दोन गोष्टी गाळल्या होत्या. एक, सोफा लालभडक होता आणि त्यावर तीन माणसं ऐसपैस बसतील एवढा मोठा होता. दोन, अप्पांना ब्रेक दाबायला उशीर झाला नव्हता. त्यांनी ब्रेक दाबलाच नव्हता. मी मागून किंचाळले, "अप्पा, सोफा!" ते म्हणाले, "कुठला सोफा?" आणि पुढच्या क्षणी आम्ही त्याच्यावर होतो.

तुझा निरोप आला तेव्हा आम्ही कालव्याकाठच्या खाणावळीत जेवत होतो. मी अप्पांच्या डाव्या हाताला बसले होते. यापुढचं लिहायला लाज वाटते, पण प्रत्यक्ष हे सर्वांत मोठं प्रमाण. तेव्हा मी, वय वर्षं एकोणपन्नास, दहावीची वर्गशिक्षिका, भर खाणावळीत आपल्या जन्मदात्याला जीभ काढून दाखवली. चांगली लांब. अप्पा शांतपणे सूप पीत राहिले. मग कानांना अंगठे लावून बोटं नाचवली. सूप चालूच. वाढणारी बाई मात्र पावाची परडी घेऊन वाटेतच थबकली आणि फिस्सकन हसली.

"ही का हसतेय?" अप्पांनी विचारलं.

"मी तुम्हाला वेडावून दाखवतेय म्हणून."

"कधीपासून?"

"सूप आल्यापासून."

अप्पांनी चमचा खाली ठेवला. मला वाटलं रागावले. ते खुर्ची जराशी वळवून माझ्याकडे पूर्ण तोंड करून बसले.

"साहेबाला कळलं?" साहेब म्हणजे तू.

"त्यानेच ओळखलं. तो लालभडक सोफा कोणत्या बाजूने आला म्हणून विचारतोय."

"एवढा लाल, आणि मला बसल्यावर दिसला," ते म्हणाले. आणि वर, "पोरगा हुशार आहे लेकाचा."

काचबिंदू आहे, दादा. डाव्या डोळ्याचं बहुतेक सगळं गेलंय आणि ते परत यायचं नाही. उजवा शाबूत आहे. ते गेल्या वर्षी गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. तेव्हापासून रोज न चुकता थेंब घालतात, आणि बाटली दाढीच्या सामानात लपवतात. मला वाटायचं ते दाढीला फार वेळ लावतात. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या कडेने जाताना गाड्या उजवीकडून पुढे जातात, चांगल्या डोळ्याच्या बाजूने. डावीकडे काय, कुंपणं आणि गटारं. त्यामुळे त्यांचं निभावून जात होतं. इथे सगळं उलट. जग नेमकं त्या बाजूने येऊ लागलं, ज्या बाजूला त्यांच्यासाठी आता काहीच नाही.

"सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही दोघांनी माझ्यावर बैठक घेतली असती. सूप गार होतंय."

आता ऐक. एवढं कळल्यावर आम्ही परत फिरायला हवं होतं. फिरलो नाही. सायकलवाल्याला फोन केला, त्याने मागच्या हँडलाला एक घंटा बसवायची सोय करून दिली, आणि अप्पा रीतसर आपल्या मूळ पदावर रुजू झाले. त्यानंतरचे दिवस काय गेलेत म्हणून सांगू! मला रस्ता दिसतो आणि त्यांना तो ऐकू येतो. "मागून ट्रक. रिकामा आहे, खडखडतोय. येऊ दे, येऊ दे... गेला." चढावर ओरडतात, "पुढे सरका, पुढे जागा आहे!" माझ्यापुढे फक्त हँडल आहे हे त्यांना मान्य नाही. बेकरी दिसण्याच्या कितीतरी आधी त्यांना तिचा वास येतो आणि एक ठण् पडतो. पाव पोटात गेला की दोन. परवा लांब उतार लागला तेव्हा मी भीतीने डोळे मिटायच्या बेतात होते आणि मागे आपले पिताश्री तुझी शिट्टी फुंकत होते. शेतात काम करणाऱ्या बायकांनी उभं राहून हात हलवले. उतार संपल्यावर म्हणाले, "पुढे बसून उगाच टेन्शन घेतलं मी. मागे बसल्यावर कसा झोकात प्रवास होतो."

काल चढावर त्यांनीच विषय काढला.

"करार म्हणजे करार. बिनतिकिटाचं मी कुणाला सोडलं नाही, माझ्या सख्ख्या मेहुण्यालासुद्धा उतरवलं होतं. आता स्वतःला सोडू? लिही साहेबाला, म्हातारा हरला. गेल्यावर घरची सायकल देऊन टाकतो आणि सामान बांधतो."

आवाज अगदी सहज होता. पण या सायकलीवर मागच्याने जोर काढून घेतला की पुढच्याच्या पोटऱ्यांना लगेच कळतं. मला कळलं. तो चढ मी जवळजवळ एकटीने चढले.

म्हणून लिहिते. सायकलीच्या बाबतीत तू बरोबर होतास आणि मी चूक. हे वाक्य कापून, चौकट करून ऑफिसात लाव. ती सायकल मी स्वतः विकेन. पण घराच्या बाबतीत मी या प्रवासात जे पाहिलं ते तू पाहिलेलं नाहीस. रोज नव्या खोलीत अप्पा भिंतीला हात लावत फिरायचे आणि मी हसायचे, आठवतंय? ते खोली पाठ करत होते. तरी रोज कुठल्यातरी टेबलाने त्यांची मांडी सुजवली आहे. त्यांच्या घरात त्यांना काही पाठ करावं लागत नाही. तिथला प्रत्येक कोपरा त्यांना आईच्या वेळेपासून ओळखतो. आपण त्यांना सुरक्षिततेसाठी नेमकं अशा जागी नेणार आहोत, जिथली प्रत्येक खुर्ची नवी आहे. तू सुरक्षा अधिकारी आहेस. एक पाहणी कर: एक दिवस डावा डोळा बांधून आधी तुझ्या फ्लॅटमध्ये फिर, मग अप्पांच्या घरात. निष्कर्ष काय निघेल ते मला मान्य.

करार तू जिंकलास. जिंकलेला हक्क वापरायचा की नाही, हे मात्र जिंकणाऱ्याच्या हातात असतं.

पत्र अप्पांना वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं.

"हरलो लिहिलंस, ते बरोबर. घराचं मी सांगितलं नव्हतं."

"ते माझं मत आहे."

"मग सही तुझी एकटीची कर."

मी पेनचं टोपण काढलं. ते कालव्यातल्या बोटीकडे बघत बसले, मान चांगली डावीकडे वळवून. मग हात पुढे केला.

"थांब. दे इकडे."

तुझी धाकटी

आणि अप्पा