पोर्तो-नोव्होच्या ओसरीवरून लाल शाईची हकीकत

थोरले बंधू फोफो यांस,

धाकट्या सेवेरिन शिंप्याचा वाकून नमस्कार. तुमची कंबर, वहिनींची साखर आणि पाराकूची कोरडी हवा, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा. माझी तब्येत इतकी उत्तम आहे की स्वतःच्याच सदऱ्याच्या दोन शिवणी उसवून सैल कराव्या लागल्या.

तुमच्या फिदेलसाठी मुलगी मागायचं पत्र लिहायला तुम्ही मला बसवलंत. रीतीप्रमाणे ते चकचकीत कागदात गुंडाळून, रिबीन बांधून, दोन आत्यांच्या हाती मुलीकडे धाडलं. (मुलीचे वडील हुंसिनू मास्तर जन्मभर फ्रेंच व्याकरण शिकवत होते, हे मला कोणीही सांगितलं नव्हतं!) तिसऱ्या दिवशी पत्र परत. होकार नाही, नकार नाही, वीसपैकी सहा गुण. नडले ते नामाआधी बसणारे फ्रेंचांचे चिमुकले शब्द, 'आ', 'द', 'सूर' वगैरे. मागणीच्या पत्रात रीतीने 'तुमच्या बागेत एक फूल पाहिलं' असं लिहायचं, तर मी ते बागेवर पाहिलं होतं. समासात लाल शेरा, 'बाग म्हणजे टेबल नव्हे.' शिवाय 'आ' आणि 'द' यांची अदलाबदल होऊन मी मुलीकडे खुद्द मास्तरांचाच हात मागितला होता.

तीस वर्षांत माझा एकही सदरा कधी परत आला नाही, म्हणून तावातावाने भांडायला गेलो. मास्तरांची विधवा बहीण यूलाली ओसरीवर शेंगदाणे सोलत होती. "शिंपीबुवा, सुईत दोरा तरी नीट ओवता का हो?" म्हणाली, आणि पुढ्यात मक्याच्या पिठाचा गरम आकासा नि तळलेला मासा ठेवला. तेव्हापासून दर गुरुवारी तिच्याकडे शिकवणी. गावाला जायचं तर 'आ', माणसाकडे जायचं तर 'शे', (देशाला जायचं तर तो देश पुरुष की बाई हे आधी विचारायचं, मग बोचकं बांधायचं). तरी दुसरं पत्र परत, तिसरं परत. "काका, माझं लग्न तुमच्या हातूनच मोडणार," म्हणून फिदेल तोंड पाडून बसला. मला फार वाईट वाटलं. मासा मात्र उत्तम होता.

गेल्या रविवारी चौथं पत्र पास झालं, वीसपैकी सतरा! आत्या नाचल्या, मास्तरांनी ताडाच्या दारूची, सोदाबीची बाटली फोडली, फिदेलने मला खांद्यावर घेतलं. लग्न डिसेंबरात. एकंदरीत मी सुखात आहे.

तुमचा,
सेवेरिन

ता. क. माझी मार्गारीत वारून, मी विधुर होऊन सहा वर्षं झाली. घरातले थोरले तुम्ही, तेव्हा यूलालीला मागणी घालणारं पत्र तुमच्या सहीने जायला हवं. तिची ना नाही. मजकूर मी लिहिला आहे, तुम्ही फक्त सही करा. कृपा करून एकही शब्द घालू नका, तुमचं फ्रेंच मला ठाऊक आहे.

आणखी एक. मास्तरांना मोतीबिंदू आहे, सगळी पत्रं यूलालीच तपासत होती. काल लाजत म्हणाली, दुसरं पत्र तेव्हाच पास होतं. फिदेलला हे सांगू नका, पोराने दोन महिने जेवण सोडलं होतं.