पांडाच्या कानाजवळचं भोक

प्रिय आई,

शांघायहून तुझ्या शूयूनचा नमस्कार.

बाळाच्या शंभराव्या दिवसाच्या जेवणाआधीच तुझं पार्सल पोचलं. माझ्या जन्माच्या वर्षी बाबांनी घेतलेलं पांडाचं चांदीचं नाणं, आणि तू सोनाराकडून त्याला भोक पाडून लाल दोऱ्यात ओवलंस! नाण्यांचा शौकीन तुझा जावई कपाळाला हात लावून बसला. "अगं, असं नाणं नुसतं बंद डबीतून काढलं तरी किंमत पडते. सासूबाईंनी तर पांडाचा कानच टोचला!"

बाळाचा जीव टिकावा म्हणून आपण गळ्यात चांदी घालतो, हे शहरात राहून मी विसरलेच होते. तुझ्या नातीने पांडा मुठीत धरला तो सोडेना. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत तिची मूठ वळतही नव्हती, आई. आता वजन वाढतंय. तू काळजी करू नकोस.

तुझा गुडघा कसा आहे? बांबूचे कोंब काढायला एकटी डोंगरात जाऊ नकोस.

एक सांगायचं नव्हतं, पण सांगते. जावयाचं काम सुटलंय. ते नाणं तुझ्याकडून मागून विकायचं आमचं ठरत होतं. बरं झालं, आम्हाला न विचारता टोचलंस. आता ते कुणी विकत घेणार नाही, आणि तिच्या गळ्यातून आम्हीही काढणार नाही.

तुझी,
शूयून