घड्याळाच्या मुकुटाची खुंटी

१६ ऑक्टोबर, सोमवार

पाच तुकडे! भगवानरावांच्या बंगल्यावरून पोतं आलं, त्यात त्यांचं ते कुक्कूचं घड्याळ. पोरगा अमरसिंह जर्मनीत नोकरीला हाय, त्यानं आणलेलं. दर तासाला खिडकी उघडून पक्षी बाहेर येतो अन् ओरडतो. यंत्र धड, पक्षीही धड. वरचा कोरीव मुकुट तेवढा पडला – हरणाचं डोकं, शिंगं, दोन्हीकडं पानं. एक शिंग गायबच!

भगवानराव म्हणले, "बंकट, दसऱ्याला पाव्हणे हायेत. तवर भिंतीवर पाहिजे. अन् सांधा दिसला न्हाई पाहिजे." वर म्हणले, देवीच्या देवळाचा दरवाजा तुझ्याच हातून करून घ्यायचा म्हणतोय. आमच्या दिंद्रुड गावात असलं काम दहा वर्षांत आलं न्हाई. मी लगेच मान हलवली.

पाडलं कुणी? भिवराबाईनं म्हणे. तिथं धुणीभांडी, झाडलोट करते. फडकं मारताना ओढलं म्हणून त्याच दिवशी कामावरून काढली. ती म्हणते, मी हातसुद्धा लावला न्हाई. कोण ऐकतंय!

१७ ऑक्टोबर

लिहू का नको… लिहितो. ही वही कोण वाचतंय.

तुकडे पालथे करून बघितले. घड्याळाच्या माथ्याला भोक हाय, त्यात खुंटी, अन् खुंटीवर मुकुट बसतो. परदेशी लाकूड फिकं, हलकं. खुंटी मात्र बाभळीची! एका बाजूला साल तशीच. वाळून बारीक झालेली, बोट लावताच हातात आली.

माझी खुंटी.

गेल्या वर्षी मुकुट हलतोय म्हणून कौशल्याबाईंनी, म्हणजे भगवानरावांच्या बायकोनं, बोलावलं होतं. मी दुसरीकडच्या चौकटीच्या घाईत. त्यांच्याच आवारातल्या बाभळीची ओली फांदी तासली, ठोकली अन् चहा पिऊन आलो. ओलं लाकूड वाळलं की आकसतं, हे सुताराच्या पोराला न शिकवता कळतं. अन् मी तीस वर्षं रंधा मारतोय! लाज वाटू दे, बंकट.

म्हणजे भिवराबाई खरं बोलते. मुकुट आपसूक पडला.

खुंटी चुलीत टाकली. पार जळेपर्यंत उभा होतो.

१९ ऑक्टोबर

शिंग कोरलं. पहिलं मोडलं. दुसरंही मोडलं. साग लई जड, म्हणून शिवणीचं लाकूड घेतलं, तवा कुठं तिसरं जमलं. चहाच्या पाण्यानं रंग जुळवला.

दुपारी भिवराबाई आली. दारातच उभी. "बंकटदादा, तुमी लाकडातले जाणते. बघून कळत असंल ना, ओढून पडलं का आपसूक?"

"न्हाई कळत," म्हणलो. लई तोडून बोललो. "कामात हाय, जा आता."

लगेच गेली न्हाई. माझ्या हातातल्या पटाशीकडं बघत राहिली. मग म्हणली, "बरं दादा."

दोन वर्षांमागं तिची गर्भाची पिशवी काढली. ओझं उचलायचं न्हाई, असं डॉक्टरनं बजावलंय. म्हणून तर बंगल्याचं काम धरून होती. आता नवरा सटवा म्हणतो, घरी बसून खाणार काय, चल ऊस तोडायला. त्यांची टोळी पंचवीसला निघणार. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढायचं या बाईनं! अन् मी इथं हरणाच्या शिंगाला टोक काढत बसलोय.

२० ऑक्टोबर

जेवण गेलं न्हाई. वच्छलानं विचारलं, ताप हाय का? बायकोवर उगीच खेकसलो.

२१ ऑक्टोबर

मुकुट जुळला. नवी खुंटी जुन्या, वाळलेल्या सागाची. सांधा मलाच सापडत न्हाई! आयुष्यात इतकं सफाईचं काम झालं नसंल, अन् मला ते बघवत न्हाई.

भगवानराव येऊन बघून गेले. "वा! दरवाजा पक्का समज." तिथंच सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलं अन् म्हणलो काय – "चहा घेता का?" भित्रा साला! दरवाजा जाईल, बंकटला ओलं-वाळलं कळत न्हाई म्हणून गावभर होईल, एवढंच डोक्यात. अन् ती बाई चार दिवसांनी ट्रकवर.

२३ ऑक्टोबर, खंडेनवमी

हत्यारं धुऊन पाटावर मांडली. करवत, रंधा, वाकस, पटाशी. पटाशीला कुंकू लावताना हात थांबला. आज हत्याराला हात लावायचा न्हाई, म्हणजे कामात तोंड खुपसून बसायची सोय न्हाई. दिवसभर मोकळ्या हातानं बसलो.

संध्याकाळी वच्छलाला सगळं सांगितलं. वाटलं, म्हणंल गप बसा. ती म्हणली, "मला कशाला सांगता? तिकडं सांगा की!"

२४ ऑक्टोबर, दसरा

सांगितलं!

घड्याळ भिंतीवर लावलं. बाराला पक्षी ओरडला, पाव्हण्यांनी टाळ्या वाजवल्या. भगवानरावांना सोनं दिलं. आपट्याचं पान त्यांच्या हातात असतानाच बोलून टाकलं, सगळ्यांसमोर – खुंटी माझी होती, ओली होती, भिवराबाईचा काही दोष न्हाई.

भगवानराव लालेलाल. "आठ दिवस गिळून बसलास बे? दरवाजाचं आमी दुसरीकडं बघतो."

कौशल्याबाईंनी मात्र तिथंच गडी पिटाळला – भिवराला म्हणावं, उद्यापासून ये.

दरवाजा गेला. जाऊ दे! घरी येऊन चार पोळ्या खाल्ल्या.

२५ ऑक्टोबर

सकाळीच तिच्या घरी गेलतो. टोळी गेली, भिवराबाई राहिली. हात जोडले. म्हणलो, बाई, ती खुंटी माझी होती.

"म्हाईत हाय दादा. तुमी ठोकत होता तवा स्टूल मीच धरलं होतं. ओली हाय म्हणलेही होते. तुमी म्हणलात, तुला काय कळतंय."

"मग बंगल्यावर का बोलली न्हाईस?"

"देवळाचं काम तुमाला द्यायचं मालक बोलत होते, ते गेलं असतं ना. म्हणलं, दादा सोता सांगतील."